जुने पुसण्यापूर्वी

गेल्या सुट्टीत, कोल्हापुरातल्या घरी, संगणकावरची फ्रीबीएसडी ही प्रणाली मी नव्या आवृत्तीवर नेली. अनेक प्रोग्रॅम मिळून वापरतात त्या जुन्या सामायिक लायब्ररी मागे उरल्या होत्या. त्या पुसण्याची आज्ञा या प्रणालीत मुद्दाम वेगळी ठेवलेली आहे : प्रोग्रॅम आधी नव्या लायब्ररींवर पुन्हा बसवायचे, मगच जुन्या काढायच्या. मी घाई केली. वडिलांच्या आठवणी ज्या जुन्या प्रोग्रॅममध्ये मी टंकित केल्या होत्या, तो उघडेना. ‘लायब्ररी सापडत नाही’, एवढेच उत्तर.

मराठी साहित्य महामंडळाच्या १९६२ च्या नियमांनी अनुच्चारित अनुस्वार निवृत्त केले. ‘घरांत’चे ‘घरात’ झाले. लिहिणे सोपे झाले, हे योग्यच. पण आज माझे विद्यार्थी जुन्या ग्रंथांतले ‘त्यानें’, ‘मीं’ मुद्रणदोष समजून सुधारू पाहतात. दोष त्यांचा नाही. नवे लिहायला शिकवताना, त्या टिंबावर कितीतरी जुनी पाने उभी आहेत हे आम्ही सांगितलेच नाही.

राखून ठेवलेल्या प्रतीतून ती लायब्ररी परत आणली. प्रोग्रॅम उघडला. वडिलांचे सारे अनुस्वार जागच्या जागी होते.