श्रावणबाळ आणि सून

'शुश्रूषा' हा शब्द तासाला आला की आम्ही त्याचे मूळ सांगतो. 'श्रु' धातूचे ते इच्छार्थक रूप, ऐकण्याची इच्छा. दुसऱ्याचे ऐकायला जवळ असणे, त्यातून सेवा. भोर-वेल्ह्याच्या वाड्यावस्त्यांवरून एस.टी.ने येणाऱ्या मुलामुलींसमोर (वेल्हे तालुक्याचे आता राजगड झाले, आमच्या तोंडी जुनेच नाव बसले आहे) हे सांगताना मनात येते की ह्या घरांतून ऐकायला जवळ नेमके कोण उरले आहे? भाटघरचे पाणी नीरेच्या कालव्यांनी खालच्या बागाइताला जाते आणि धरणामागच्या गावांतली कर्ती माणसे पुण्या-मुंबईला.

वृद्धांच्या पेन्शनला शासनाने श्रावणबाळाचे नाव दिले आहे. वय ६५, कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न २१ हजारांच्या आत, आणि २०२३ पासून महिना १,५०० रुपये. केंद्राची रक्कम २००७ साली २०० रुपये होती, साठी ते एकोणऐंशीच्या वृद्धाला आजही तेवढीच आहे. सत्तरीपुढच्यांना २०२४ पासून आयुष्मान कार्डावर ५ लाखांपर्यंतचे उपचार मिळतात, पण रुग्णालयात दाखल झाल्यावर. घरी अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या वाट्याला त्यातले काही येत नाही.

मग हक्क कोणता? २००७ चा आई-वडील व ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाचा कायदा आहे. प्रांताकडे अर्ज करता येतो. मूळ कायद्यात निर्वाहाच्या रकमेची कमाल मर्यादा महिना १०,००० रुपये. त्याचे २३ वे कलम वाचताना आम्हांला 'नटसम्राट' आठवल्यावाचून राहत नाही. सांभाळण्याच्या अटीवर दिलेली मालमत्ता, न सांभाळल्यास परत मिळवता येते. गणपतराव बेलवलकर अट घालणाऱ्यांतले नव्हते, हा भाग वेगळा. पण भाषेच्या शिक्षकाला अडवते ते १९ वे कलम. मुलांवर ते बंधन आहे. शासन मात्र जिल्ह्यात निदान एक, दीडशे निराधारांचा वृद्धाश्रम स्थापन 'करू शकेल'. मुलाला बंधन आणि शासनाला मुभा, असा हा क्रियापदांचा भेद आहे.

आणि व्याख्येत मुलगा, मुलगी, नातू, नात आहेत. सून नाही.

मागच्या वर्षी वर्गातली एक हुशार मुलगी येईनाशी झाली, म्हणून आम्ही दोघे तिच्या घरी गेलो. आजीला उचलायला दोघी लागतात, एक आई, एक ही. चुलते मुंबईला. आम्ही प्रांताकडच्या अर्जाचे सुचवले. आजी कुशीवर होती, ती भिंतीकडे पाहतच म्हणाली, "लेकाच्या नावानं कुठं अर्ज करत्यात व्हय, सर?" आई चुलीपाशी गप्प होती. अर्ज तिला स्वतःसाठी करता येत नाही, कारण निर्वाह मागायचा तो वृद्धासाठी. उचलणे, पुसणे, कूस बदलणे, रात्रीचे दोनदा उठणे ह्याला कायद्यात नाव नाही.

२०१९ च्या दुरुस्ती विधेयकात 'मुले' ह्या शब्दाच्या व्याख्येत सून-जावई आणायचे ठरले होते. २०२४ मध्ये सतरावी लोकसभा संपली आणि विधेयक व्यपगत झाले. आम्हांला त्याचे फारसे दुःख नाही. सून तिथे येणार होती ती जबाबदारीच्या बाजूने, मोबदल्याच्या नव्हे. केरळात 'आश्वासकिरणम्' योजनेत अंथरुणावरच्या रुग्णाची काळजी घेणाऱ्याला महिना ६०० रुपये ठरवलेले आहेत. रक्कम क्षुल्लक, पण काळजी घेणारी व्यक्ती निदान कागदावर दिसते. जपानने २००० साली वृद्धांच्या दीर्घकालीन काळजीसाठी विमा सुरू केला, तेव्हा तिथल्या स्त्रियांच्या संघटनांनी घरच्यांना रोख रक्कम देण्यास विरोध केला होता. पैसे मिळाले की सुनेला घरातच बांधून ठेवतील, हा त्यांचा तर्क. तो आम्हांला पटतो. रोख रक्कम चुलत्यांच्या हिशेबात जाईल आणि "तुला पगार आहे की" हे ऐकवलेही जाईल.

निघताना आम्ही त्या आईला विचारले, सरकारने काय द्यावे. ती म्हणाली, "दिवसाआड कुणी बाई आली हात लावायला, तर हिला कॉलेजला धाडता येईल." परीक्षेचा अर्ज भरायला तेव्हा नऊ दिवस उरले होते.