करंडीपासून खुर्चीपर्यंत

पांढुर्णा म्हटले की बाहेरगावच्या माणसाला दोनच गोष्टी आठवतात : पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या पात्रात होणारी गोटमार, आणि संत्री. गोटमारीविषयी पुष्कळ लिहून झाले आहे. आम्हांस लिहावयाचे आहे ते संत्री ज्यातून परगावी जात त्या बांबूच्या करंडीविषयी, आणि तिच्या ओढीने आम्हांला मेळघाटापर्यंत नेणाऱ्या एका दांपत्याच्या कामाविषयी.

पांढुर्णा व सौसर हे तालुके २०२३ मध्ये छिंदवाड्यापासून वेगळे होऊन त्यांचा स्वतंत्र जिल्हा झाला. कचेरीत हिंदी, ओसरीवर मराठी, हा इथला जुना रिवाज. संत्र्याचे खोकेही असेच बदलत गेले : आधी करंडी, मग लाकडी पेटी, आता प्लॅस्टिकचा क्रेट. क्रेट टिकाऊ आहे, धुता येतो. त्याच्याशी भांडण कशाला? पण बुरुडाचे, ज्याला इकडे बसोडही म्हणतात, काम त्याने हिरावले हे खरेच.

बुरुडाच्या हाती फूटपट्टी नसते, तरी त्याची भूमिती चुकत नाही. कामट्या दोन दिशांनी विणल्या की चौकोन पडतात. तीन दिशांनी विणल्या की षटकोन. षटकोनी विणीत कामट्या एकमेकींना अडवून धरतात, जागच्या सरकत नाहीत. सामान कमी लागते आणि फळाला वारा मिळतो. एकच घर पुनःपुन्हा घालीत गेले की त्यातूनच टोपली होते, तट्टा होतो, घराची भिंतही होते. शहरातले कलावंत यालाच हल्ली ‘मॉड्युलर’ रचना म्हणतात.

या विद्येला खुर्चीपर्यंत कसे न्यावे, हे पाहावयाचे तर वरूड, मोर्शी, परतवाडा ओलांडून मेळघाटात उतरावे. धारणी तालुक्यातील लवादा या गावी सुनील व निरुपमा देशपांडे यांनी कोरकू आदिवासींना सोबत घेऊन १९९० च्या दशकात संपूर्ण बांबू केंद्र उभे केले. सुनील देशपांडे त्याआधी चित्रकूटला नानाजी देशमुखांच्या कार्यात होते. नागपूरचे वास्तुविशारद विनू काळे, ‘वेणू भारती’ या ग्रंथाचे कर्ते, यांचा बांबूचा ध्यास त्यांनी पुढे नेला. केंद्रात राख्यांसारख्या नाजूक वस्तूंपासून मेज-खुर्च्या आणि घरांपर्यंत सारे बांबूचेच होऊ लागले.

हे वाटते तितके सोपे नाही. सागवानाला खिळा सोसतो. बांबू मात्र खिळ्याने उभा चिरतो. म्हणून भोक पाडून बांबूचीच खुंटी मारावी लागते, नाहीतर सांधा बांधावा लागतो. काप पेराच्या गाठीजवळ घ्यावा, म्हणजे टोक फुटत नाही. मानवेल जवळजवळ भरीव, तेव्हा पाय त्याचे. कटांग जाड पण पोकळ, ते मोठ्या चौकटीला. तीन-चार वर्षांचा पक्का बांबू हवा, पावसाळ्यानंतर तोडलेला, आणि बोरिक-बोरॅक्सच्या द्रावणात मुरवलेला. एरवी भुंगा वर्षभरात त्याचे पीठ करून टाकतो. शिवाय दोन बांबू कधीच अगदी सारखे नसतात. तरी माप ठरलेले असेल तर एकाने केलेला पाय दुसऱ्याने केलेल्या बैठकीला बसलाच पाहिजे. सुताराला हे जमते याचे आम्हांला नवल वाटत नाही. गोल, वाकड्या, पेरापेराला जाडी बदलणाऱ्या बांबूत ते जमते, याचे मात्र वाटते.

त्यातून कायदा आडवा. १९२७ च्या वन कायद्याने बांबूची गणना वृक्षांत केली होती, म्हणजे शेतातला बांबू तोडून न्यायचा तरी परवान्याची कटकट. २०१७ च्या दुरुस्तीने वनेतर जमिनीवरचा बांबू त्या व्याख्येतून निघाला. चार वर्षांनी, २०२१ मध्ये, सुनीलजी गेले. केंद्राचे काम निरुपमाताईंनी पुढे चालू ठेवले.

आमच्या संत्र्याच्या बागांच्या बांधावर कटांगाची बेटे का नसावीत? जिल्ह्यात हात आहेत, वीण अजून ठाऊक असलेली माणसे आहेत, मुख्य मार्गावरचे रेल्वेस्थानक आहे. पांढुर्ण्याच्या बसोड घरांतल्या दोन-चार तरुणांना सहा महिने लवाद्याला पाठविण्याचा खर्च इथल्या एखाद्या मंडळाने उचलावा. गणेशोत्सवाच्या वर्गणीतला थोडा हिस्सा त्याला पुरेल.