चुंबळ

खुबी फाट्यावर एसटीतून उतरलो तेव्हा नुकतं उजाडत होतं. पिंपळगाव जोगा धरणाच्या भिंतीवरून खिरेश्वर पाचेक किलोमीटर. हरिश्चंद्रगडाला जाणारे बरेच जण एवढं अंतर मिळेल त्या जीपने उरकतात. मी मुद्दाम चालत निघालो. पाठीवर नवी बॅग होती. ती दगा देणारच असेल तर सपाटीवर देऊ दे, म्हणजे मागे फिरता तरी येईल.

आदल्या वर्षी ही सोय नव्हती. तेव्हा माझ्याकडे एका खांद्याला लटकवायची, लग्नाच्या हॉलमध्ये शोभणारी बॅग होती. वारकऱ्याच्या पडशीला पुढे-मागे दोन कप्पे असतात, वजन खांद्यावर तोललेलं राहतं. माझी बॅग म्हणजे मधोमध कापलेली पडशी. याच वाटेवरच्या तोलारखिंडीच्या वर, रेलिंग धरून चढायच्या कातळावर मी ओणवा झालो की ती घसरून पोटाखाली यायची आणि पाय कुठे ठेवायचा तेच दिसेनासं व्हायचं. घरी परतल्यावर चार दिवस मान उजवीकडे वळली नाही.

म्हणून या खेपेला दुकानात जाताना सगळं सामान बरोबर नेलं. कॅमेरा, दोन लेन्स, ट्रायपॉड आणि पाण्याच्या भरलेल्या दोन बाटल्या. दुकानदार कप्पे मोजून दाखवत होता. ‘साहेब, यात ड्रोनपण बसेल.’ माझ्याकडे ड्रोन नाही. मी बॅग भरली, पाठीवर चढवली आणि दुकानात वीस मिनिटं येरझाऱ्या घातल्या. गिऱ्हाइकं बघत होती, बघू देत. पहिल्या दोन मिनिटांत कुठलीही बॅग आरामदायकच वाटते. पहिलीचा पट्टा दहाव्या मिनिटाला काखेत काचू लागला. दुसरी रिकामीच अडीच किलोची निघाली, म्हणजे एका मोठ्या लेन्सहून जड. तिसरीचा कमरपट्टा माझ्या पोटावर बसत होता, कारण ती माझ्यापेक्षा उंच माणसासाठी शिवलेली होती. बॅगेचं माप लिटरमध्ये सांगतात. पण मानेखालचा वर आलेला मणका ते कमरेच्या हाडाची वरची कड, हे आपल्या पाठीचं माप कुणी विचारत नाही. चौथी घेतली.

खिरेश्वरात शिरताना दोन बायका पाण्याचे हंडे घेऊन समोरून आल्या. डोक्यावर जुन्या लुगड्याची चुंबळ, त्यावर हंडा, हात मोकळे, मान ताठ. हंडा तेवढाच जड. चुंबळीमुळे तो पाठीच्या कण्याच्या रेषेत बसतो आणि टोचत नाही. कमरपट्ट्याचं काम हेच. तो कमरेच्या हाडावर घट्ट आवळला की बहुतेक भार कमरेवर आणि तिथून पायांवर उतरतो, खांद्याच्या पट्ट्यांनी बॅग नुसती मागे कलंडू द्यायची नाही. मी मात्र सवयीने आधी खांद्याचेच पट्टे ओढले होते. तिथेच थांबलो, सगळं सैल केलं आणि कमरेपासून पुन्हा सुरुवात केली.

तोलारखिंडीतल्या वाघाच्या शिल्पापाशी पाणी प्यालो. वर तोच कातळ, तेच रेलिंग. ट्रायपॉड बाजूला लावला असता तर एकीकडे ओढलं असतं. तो मागे मधोमध बांधला होता, आणि जड लेन्स आत पाठीला चिकटून. ओणवा झालो, बॅग हलली नाही. कातळ संपला तरी मला ते लक्षात आलं नव्हतं, यापेक्षा मोठी शिफारस मी करू शकत नाही.

घाम मात्र भरपूर. पाठीला गादी असलेली बॅग म्हणजे सप्टेंबरात गोधडी पांघरून चालणं. त्यावर जाळीचा उपाय असतो म्हणतात. मला तो फारसा जाणवला नाही.

केदारेश्वराच्या गुहेशी खरी गंमत झाली. आत कमरेएवढं गार पाणी, मधे भलंमोठं शिवलिंग, भोवतीच्या चार खांबांपैकी एकच शाबूत. बाहेर सगळा चिखल, बॅग टेकवायला कोरडी जागा नाही. ही बॅग पाठीकडून उघडते. खांद्याचे पट्टे काढले, कमरपट्टा तसाच ठेवून ती फिरवून पोटावर आणली आणि टपरीवाल्याच्या ट्रेसारखी समोर उघडून लेन्स बदलली. समोरून उघडणारी बॅग पाठीच्या बाजूवर आडवी ठेवावी लागते. मग तो चिखल आपण पाठीवर चोळत घरी नेतो.

दुपारी कोकणकड्यावर पोचलो तर समोर काही नव्हतंच, सगळंच पांढरं. वारा कड्याखालून वर येत होता. त्याने बॅगेचं पावसाळी कव्हर एका झटक्यात उपटलं आणि दरीत न जाता ते वर आकाशात गेलं. पाऊस आला. चेन कितीही चांगली असो, पाणी शिरतंच; आतून सगळं प्लास्टिकच्या जाड पिशवीत गुंडाळलं होतं म्हणून निभावलं. इंद्रवज्र, म्हणजे गोलाकार इंद्रधनुष्य, दिसेल या आशेवर दोन तास बसलो. त्या दोन तासांत बॅगेतून बाहेर निघाली ती फक्त चटणी-भाकरी.