उचललेल्या गाडीचं देणं

चि. समीर,


तू घेतलेली सेकंडहँड फॉर्च्युनर आधीच्या मालकाने दोन इंच उचलून घेतली आहे, आणि ‘एकदा बसवलं की परत बघायला नको’ असं गॅरेजवाल्याने तुला सांगितलंय. ती तशीच ठेवायची की मूळ उंचीवर आणायची, हे तू विचारलंस. गॅरेजवाल्याच्या त्या वाक्याशीच माझं भांडण आहे, म्हणून तिथूनच सुरू करते. गाडी उचलणं म्हणजे सीट कव्हर घालणं नव्हे. स्प्रिंग, आर्म, बुश, एक्सल, ब्रेकचे पाइप, हेडलाइट, यांतली प्रत्येक गोष्ट एक ठरावीक उंची गृहीत धरून आखलेली असते. उंची बदलली की त्या प्रत्येकीचा कोन बदलतो, आणि बदललेल्या कोनाची झीज रोज थोडी थोडी वसूल होत राहते. पैसे आधीच्या मालकाने एकदाच मोजले, पण देणं चालूच आहे आणि आता ते तुझ्या नावावर आलंय.

मिळालं काय ते आधी बघू. फॉर्च्युनरचा मागचा एक्सल अखंड आहे. त्याच्या मधोमध असलेला डिफरन्शियलचा गोळा हा गाडीच्या पोटाखालचा सगळ्यात अडखळणारा भाग, आणि लिफ्टने तो एक मिलिमीटरही वर गेलेला नाही, कारण एक्सल चाकांवर असतो आणि स्प्रिंग त्याच्या वर. गोळा वर न्यायचा तर टायरच मोठा हवा. मूळच्या 265/60 आर 18 ऐवजी 285/60 घातला तर व्यास सुमारे 24 मिलिमीटरने वाढतो, म्हणजे एक्सल 12 मिलिमीटर वर. बदल्यात मीटर तीन टक्के कमी दाखवू लागतो, आणि 10,000 किलोमीटरची सर्व्हिस खरं तर 10,300 ला होते. लिफ्टने वर गेलं ते चासीचं पोट, पायऱ्या आणि बंपर. 2,745 मिलिमीटर व्हीलबेसची गाडी बांधावरून पलीकडे उतरताना पोट टेकत नाही, हा फायदा खरा आहे. दगडावर गोळा आपटायचा तो मात्र आपटतोच.

खरा हिशेब पुढच्या बाजूला आहे. पुढची चाकं स्वतंत्र, वर-खाली दोन आर्मवर. गाडी उचलली की हे आर्म खाली झुकतात, चाकाचा वरचा भाग किंचित बाहेर कलतो, आणि कास्टर कमी होतो. वळणातून बाहेर पडताना स्टिअरिंग आपणहून सरळ येतं ते कास्टरमुळे. तो कमी झाला की महामार्गावर गाडी भरकटल्यासारखी वाटते आणि हात सतत दुरुस्ती करत राहतात. अलाइनमेंटवाला मूळ बोल्ट शेवटपर्यंत फिरवूनही पुरत नाही तेव्हा वेगळे अप्पर आर्म घालावे लागतात. ते घातले आहेत का, हे आधी बघ. तुझी फोर बाय फोर आहे, त्यामुळे पुढच्या शाफ्टचे सीव्ही जॉइंटही आता कायम जास्त कोनात फिरतात. त्यांच्या रबरी बुटाच्या घड्या एकमेकींवर घासतात, चीर पडते, आणि ग्रीस रिमच्या आतल्या बाजूला उडतं. दर महिन्याला तिथे टॉर्च मारायला दोन मिनिटं लागतात. ग्रीस गेलेला जॉइंट मात्र माती आणि पाणी खाऊन लवकरच कटकट वाजायला लागतो.

उंची कशाने आली आहे, हेही महत्त्वाचं. स्प्रिंग आणि शॉकअप जोडीने बदलले असतील तर बरं. शॉकअपच्या डोक्यावर नुसती चकती ठेवली असेल तर ते स्वस्तातलं काम. खालच्या आर्मवर शॉकअप मधेच कुठेतरी बसतो, त्यामुळे साधारण 25 मिलिमीटरची चकती चाकापाशी जवळपास दुप्पट उंची देते. पण तेवढंच चाक खड्ड्यात आखणीपेक्षा जास्त लोंबतं आणि वरचा बॉल जॉइंट आपल्या मर्यादेला जाऊन भिडतो. उलट, कडक स्प्रिंग घालून जुनाच शॉकअप ठेवला असेल तर तो आधीच ताणलेला असतो. गतिरोधकावरून उतरताना पुढून ‘टक्’ असा आवाज येतो तो त्याचाच. मागे दोनच गोष्टी. एक्सलला आडवा धरणारा दांडा उंची वाढल्यावर एक्सलला थोडा एका बाजूला सरकवतो, आणि ब्रेकचा रबरी पाइप चाक पूर्ण लोंबल्यावर ताणला जाता कामा नये.

बुशची गोष्ट मात्र सविस्तर सांगते, कारण चांगली गॅरेजंही इथे घाई करतात. आर्मच्या मुळाशी असलेला रबरी बुश फिरत नाही, पिळला जातो. बोल्ट आवळताना आर्म ज्या कोनात असेल तो कोन त्या रबराची विश्रांतीची जागा ठरतो. रॅम्पवर चाकं लोंबत असताना बोल्ट आवळले, तर गाडी खाली उतरताच रबर पिळलं जातं आणि कायम तसंच राहतं. मग वर्षभरात बुश फाटतात आणि दोष ‘आपल्या रस्त्यांना’ दिला जातो. म्हणून सगळे बोल्ट सैल करून, गाडी जमिनीवर चाकांवर उभी असताना, टॉर्क पान्याने पुन्हा आवळून घे. पुढे हजारेक किलोमीटरनंतर एकदा तपास, आणि लगेच अलाइनमेंट.

हेडलाइटकडे तर कुणीच बघत नाही. खालचा झोत साधारण एक टक्का खाली झुकवलेला असतो. आता समज, पुढून 50 मिलिमीटर आणि मागून 25 उचललं आहे. नाक खाली दिसू नये म्हणून बरेच जण असंच करतात. 2,745 मध्ये 25 म्हणजे 0.9 टक्के. झोताचा जवळजवळ सगळा उतार संपला! लो बीमवर चालणारी तुझी गाडी समोरून येणाऱ्या दुचाकीस्वाराच्या थेट डोळ्यांत बघते. मागे सामान भरलं की आणखीच.

यावर तू म्हणशील, ऑस्ट्रेलियात लोक वर्षानुवर्षं हे करतात. करतात, पण तिथे स्प्रिंग निवडताना पहिला प्रश्न असतो, गाडीवर कायमचं ओझं किती? लोखंडी बंपर, विंच, मोठी डिझेल टाकी यांनी बसलेली गाडी वर आणण्यासाठी त्या स्प्रिंगा असतात. त्याच स्प्रिंगा रिकाम्या गाडीला घातल्या तर उंची जास्त येते आणि पाठ दुखते. दुसरं म्हणशील, आपल्याकडचे पावसाळी खड्डे. खड्डा सोसतात ते टायरची जाड भिंत आणि चांगला शॉकअप. उंचीचा त्यात वाटा थोडा. पाण्यातून जाण्याचं म्हणशील तर इंजिनाची हवा घेणारं तोंड वर गेलं हे खरं, पण एक्सल, चाकाची बेअरिंग आणि डिफरन्शियल पूर्वीइतकीच बुडतात. उरला रुबाब. ते कारण मला मान्य आहे. दगडधोंड्यांच्या नावाखाली ते लपवू नये, एवढंच. फक्त त्याची किंमत वळणावर मोजावी लागते. चाकांमधली रुंदी दीड मीटर आणि गुरुत्वमध्य 75 सेंटिमीटरवर धरला, तर तो पाच सेंटिमीटर वर गेल्यावर उलटण्याविरुद्धची स्थिरता सहा टक्क्यांनी घटते. चाकं आणि एक्सल जागेवरच राहतात म्हणून प्रत्यक्षात थोडी कमी. आंबोली घाट उतरताना हे आकडे लक्षात असू देत.

कायद्याचं थोडक्यात. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार निर्मात्याच्या मूळ नोंदींशी विसंगत बदल चालत नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने 2019 मध्ये तेच ठामपणे सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने बेकायदा बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार दंड, किंवा दोन्ही, ठेवले आहेत. अपघातानंतर विमा कंपनीला क्लेम अडवायला निमित्तही मिळतं. रस्त्यावर कितीतरी उचललेल्या गाड्या दिसतात, हे तुझं म्हणणं खरं असलं तरी कोर्टात ते कामाला येणार नाही.

म्हणून माझा कौल मूळ उंचीकडे आहे. तरी आधी एक काम कर. सपाट फरशीवर, गाडी रिकामी असताना, प्रत्येक चाकाच्या मध्यबिंदूपासून वरच्या मडगार्डच्या कडेपर्यंत टेपने मोज. मध्यापासून मोजलं की टायर मोठा असला तरी फसगत होत नाही. चारही आकडे मिलिमीटरमध्ये लिहून पाठव, आणि शॉकअपच्या डोक्यावर चकती दिसते का तेही कळव.

तुझी,
आत्या