आधी पाया, मग मजला

“कितीची बॅटरी घेऊ?” गाडीचं वायरिंग करणाऱ्या दादांना मी पहिलाच प्रश्न हा विचारला. त्यांनी उलट विचारलं, “ताई, रात्रभर गाडीत काय काय चालू राहणार?” मला उत्तर देता येईना.

जुन्या ट्रॅव्हलरमध्ये आम्ही पलंग आणि ओटा बसवला होता. विजेचं तेवढं ठरायचं होतं. घरच्या इन्व्हर्टरची १५० अँपिअर-तासांची ट्युब्युलर बॅटरी उचलून गाडीत ठेवू, असं मी धरून चालले होते. दादांनी ते मोडीत काढलं. वजन ५० किलोंच्या वर, चार्ज होताना हायड्रोजन सुटणार आणि आम्ही तिथेच झोपणार. शिवाय ती रोज निम्म्याखाली उतरवली तर लवकर संपते. लिथियम आयर्न फॉस्फेटची १०० अँपिअर-तासांची बॅटरी साधारण १२ किलोंची आणि ८० टक्के सहज वापरता येते.

मी वही घेऊन बसले. अँपिअर-तास आणि वॉट-तास यांच्या घोळात दोन दिवस गेले. वाट सापडली ती एका गुणाकारात: १२.८ व्होल्ट गुणिले १०० म्हणजे १२८० वॉट-तास, त्याचे ८० टक्के १०२४. आता खर्च. छोटा फ्रीज दिवसाला सुमारे ५००, ३० वॉटचा पंखा आठ तास २४०, लॅपटॉप १८०, दिवे ५०. बेरीज ९७०. एक दिवस, एक बॅटरी. मला हायसं वाटलं.

मग इंडक्शन आठवलं. १८०० वॉट, अर्धा तास: आणखी ९००. त्याहून मोठी अडचण प्रवाहाची होती. १२ व्होल्टवर ही शेगडी दीडशेहून जास्त अँपिअर ओढणार, आणि मी पाहिलेल्या बॅटरीतलं संरक्षक सर्किट १०० च्या पुढे वीज तोडणार.

“मग आत्ता एक घेते, दुसरी पुढे जोडू,” मी म्हटलं. दादांनी समोरच्या घराच्या गच्चीकडे बोट दाखवलं. कॉलमच्या सळया वर सोडलेल्या होत्या. “मजला उद्याचा, ताई, पण पाया त्यांनी आजच त्या हिशेबानं घातलाय.”

तिथे माझा गोंधळ निवळायला लागला. बॅटरी नंतर वाढवता येते, पण व्होल्टेज नंतर बदललं तर पंखा, फ्रीज, चार्जर सगळंच बदलावं लागतं. २४ व्होल्टवर प्रवाह निम्मा होतो हे खरं, पण आमची सगळी उपकरणं १२ ची. म्हणून १२ वरच राहिलो. बसबार, जाड केबल आणि मुख्य फ्यूज मात्र आजच दोन बॅटऱ्यांच्या हिशेबानं घेतले. प्रत्येक बॅटरीला तिचा वेगळा फ्यूज, बॅटरीच्या अगदी जवळ. दोघींच्या केबल सारख्याच लांबीच्या, नाहीतर एकीवरच जास्त ताण येतो. दुसरी बॅटरी त्याच कंपनीची, तेवढ्याच क्षमतेची आणि शक्यतो काही महिन्यांतच घ्यायची. जोडण्यापूर्वी दोन्ही पूर्ण चार्ज करून व्होल्टेज सारखं आल्याची खात्री करायची.

चार्जिंगचंही तसंच. आषाढात कोकणात छतावरच्या सौर पॅनेलवर विसंबता येणार नाही. इंजिनाच्या अल्टरनेटरला बॅटरी थेट जोडली तर ती इतका प्रवाह ओढते की अल्टरनेटर तापतो. म्हणून मध्ये ३० अँपिअरचा डीसी-डीसी चार्जर बसवला. तीन तासांच्या प्रवासात तो एका दिवसाची वीज भरून देतो. पुढे स्पितीला जायचंय. शून्य अंशाखाली ही बॅटरी चार्ज करायची नसते, म्हणून तिची जागा गाडीच्या आत, पलंगाखाली ठरली.

काल पहिली बॅटरी बसली. तिच्या शेजारी तेवढ्याच मापाची जागा मोकळी आहे आणि बसबारवर एक बोल्ट रिकामा. इंडक्शनचा डबा अजून उघडलेला नाही. तोवर चहा गॅसवर.