मेरीचे कुरळे केस

मैत्रिणींनो, बाईला मोठं व्हायला लोकांची परवानगी लागते का? हसू नका. मूकपटांच्या काळातल्या हॉलिवूडची नटी मेरी पिकफर्ड हिच्याविषयी वाचताना हा प्रश्न माझ्या मनात आला, तो काही केल्या जाईना.

मेरीचं खरं नाव ग्लॅडिस स्मिथ. जन्म १८९२ चा, कॅनडातल्या टोरांटो शहरातला. वडील १८९८ मध्ये गेले. आईच्या पदरात तीन मुलं, त्यांत ही थोरली. म्हणून लहानपणीच नाटकात उभी राहिली. १९०९ मध्ये न्यूयॉर्कच्या बायोग्राफ कंपनीत ग्रिफिथ या दिग्दर्शकाने तिला दिवसाला ५ डॉलर देऊ केले. ही सतरा वर्षांची पोर म्हणाली, १० हवेत! आणि तिने ते मिळवले. १९१६ च्या करारात आठवड्याला १०,००० डॉलर, वर नफ्यात वाटा. पुढे १९१९ मध्ये चॅप्लिन, फेअरबँक्स आणि ग्रिफिथ यांच्या बरोबरीने तिने युनायटेड आर्टिस्ट्स ही कंपनी काढली. म्हणजे व्यवहारात बाई पक्की!

पडद्यावर मात्र ती कुरळ्या सोनेरी केसांची छोटी मुलगीच. उंची जेमतेम पाच फूट. १९१७ च्या एका चित्रपटात तर ती अधिकच लहान दिसावी म्हणून खुर्च्या-टेबलं मुद्दाम मोठी केली होती. १९२३ मध्ये 'रोझिटा'त तिने तरुण स्त्रीची भूमिका करून पाहिली. पण १९२५ मध्ये एका सिनेमासिकातून वाचकांना विचारलं, तर सगळ्यांना हवी होती ती जुनीच छोटी मेरी. मग काय, तेहेतिसाव्या वर्षी पुन्हा गल्लीतल्या मुलीचं सोंग!

मार्च १९२८ मध्ये तिची आई वारली आणि जूनमध्ये मेरीने ते केस कापून टाकले. न्यूयॉर्कच्या वर्तमानपत्रात पहिल्या पानावर बातमी! १९२९ मध्ये आखूड केसांनी तिने 'कॉकेट' हा आपला पहिला बोलपट केला. त्यासाठी ऑस्करही मिळालं. पण पुढचे चित्रपट चालले नाहीत. १९३३ च्या 'सिक्रेट्स'नंतर ती पडद्यावर दिसली नाही. ती वारली १९७९ मध्ये. म्हणजे मधली सेहेचाळीस वर्षं!

मला वाटतं, मालकांशी तिला भांडता आलं, कारण ते तिला कमी देत होते. प्रेक्षक तर तिच्यावर जीव टाकत होते. त्यांच्याशी कसं भांडणार? कौतुकाचीही बेडी असते हो! आपल्याकडे नाही का, 'आमची धाकटी सून अगदी गरीब, हूं की चूं करत नाही' असं चारचौघांत म्हणतात. ऐकायला गोड वाटतं. मग पंधरा वर्षांनी, केसांत रुपेरी तारा दिसू लागल्यावर, तिने घराच्या व्यवहारात एक शब्द काढला की सगळे चमकून बघतात.

आणि खरं सांगू? प्रेक्षक आपणही असतोच. कॉलेजात जाणाऱ्या लेकीला अजून दोन वेण्याच हव्यात असं आपल्यालाच वाटतं. सासूबाईंनी साठीनंतर एखादा वर्ग लावला की 'आता या वयात?' असं पटकन तोंडून जातं. तेव्हा मेरीला आठवा, आणि समोरचीला निदान एकदा तरी नव्या रूपात नीट बघून घ्या.