प्रायश्चित्त कोणाचें?

अमेरिकेंत आमच्या दारीं १९९४ सालचा एक पिकअप ट्रक आहे. यंदा तो चढणीवर धापा टाकूं लागला. कारागिरानें निदान केलें कीं, कॅटॅलिटिक कन्व्हर्टर तुंबला आहे. तो काढून सरळ नळी जोडावी, या भागांत धूर तपासतो कोण? नव्याची किंमत ऐकून आम्हीही क्षणभर मोहांत पडलों.

या डब्यांत मधाच्या पोळ्यासारखी चिनीमातीची जाळी असते. तिजवरील प्लॅटिनम, पॅलेडियम व ऱ्होडियम यांच्या लेपामुळें धुरांतील विषारी कार्बन मोनॉक्साइडचा कार्बन डायऑक्साइड होतो. १९७५ पासून येथील बहुतेक नव्या मोटारींस तो बसूं लागला. १९९० च्या दुरुस्तीनें तो काढणें मालकासही कायद्यानें वर्ज्य झालें.

परंतु आम्हांस थांबविलें तें दुसऱ्याच गोष्टीनें. डबा आपण होऊन बिघडला नव्हता. एका प्लगची ठिणगी कित्येक महिने चुकत होती. न जळलेलें पेट्रोल डब्यांत जाऊन पेटे, आणि त्या आंचेनें जाळी वितळली. आमच्या आळसाचें प्रायश्चित्त त्यानें मुकाट्यानें घेतलें होतें. तो काढला असता, तर तेंच पुढें शेजारच्या पोरांच्या छातीला भोगावें लागलें असतें.

आम्ही आधीं प्लग बदलले, मग डबा. खिसा रिकामा झाला, पण तो आमचाच होता.